खानदेशच्या माथ्यावर उणे ऐंशी

मे महिन्याच्या मध्यावर जळगाव किंवा भुसावळच्या रस्त्यावर दुपारी एक वाजता चिटपाखरू दिसत नाही. पारा ४५ अंशांच्या आसपास रेंगाळत असतो, दुकानांची शटर्स अर्ध्यावर उतरलेली असतात आणि केळीच्या बागांना शेडनेटची किंवा शेवरीच्या कुंपणाची आडोशाची भिंत करून शेतकरी उष्ण वाऱ्याशी झुंजत असतात. अशा दुपारी कुणी सांगितले की, याच गावाच्या माथ्यावर सरळ वर १६-१७ किलोमीटरवर, म्हणजे जळगावहून भुसावळ जितके दूर आहे त्याहूनही कमी अंतरावर, तापमान शून्याखाली ७५ ते ८० अंश आहे, तर ऐकणाऱ्याला ती थट्टा वाटेल. पण ती वस्तुस्थिती आहे. पृथ्वीवर माणसाच्या इतक्या जवळ असलेली ही बहुधा सर्वांत थंड जागा आणि तिथवर दररोज जाऊन येणारे वाहन म्हणजे हवामानाचा फुगा.

‘अतितीव्र हवामानातला फुगा’ म्हटले की आपल्याला अंटार्क्टिका आठवते. प्रत्यक्षात फुगा बनविणाऱ्यांची खरी परीक्षा उष्ण कटिबंधाच्या आकाशात होते. जमिनीवर होरपळणारा आणि तासाभरात गोठविणारा असा सव्वाशे अंशांचा पल्ला त्याला एकाच प्रवासात पार करावा लागतो. भारतीय शास्त्रज्ञांनी या कोड्याचे उत्तर शोधले, ते जगात नावाजलेही गेले. मात्र ज्या खानदेशात हा पल्ला सर्वाधिक ताणलेला असतो, त्या खानदेशच्या आकाशात नियमित फुगा सोडणारे एकही केंद्र नाही. या दोन गोष्टी एकत्र ठेवून पाहण्याजोग्या आहेत.

उष्ण देशाचे थंड आकाश

जमिनीपासून वर जाऊ लागले की दर किलोमीटरला साधारण साडेसहा अंशांनी तापमान उतरते. हे उतरणे जिथे थांबते त्या सीमेला तपस्तब्धी म्हणतात. तिच्या खाली तपांबर, जिथे ढग, पाऊस, वादळे यांचा सारा संसार चालतो आणि तिच्या वर स्थितांबर, जिथे ओझोनमुळे तापमान पुन्हा वाढू लागते. ध्रुवांकडे ही सीमा आठ-नऊ किलोमीटरवरच येते. आपल्याकडे मात्र तापलेली जमीन आणि गडगडाटी ढगांचे मनोरे हवेला खूप उंच ढकलतात. वर चढणारी हवा प्रसरण पावते, प्रसरण पावताना थंड होते; जितकी उंच चढेल तितकी अधिक थंड. म्हणून तपस्तब्धी उष्ण कटिबंधात सर्वांत उंच असते आणि सर्वांत थंडही.

हे ज्ञान फुग्यांनीच मिळवून दिले. फ्रान्समध्ये तेसरां द बोर यांनी शेकडो फुगे सोडून १९०२ साली स्थितांबराचे अस्तित्व जाहीर केले. त्याच सुमारास जर्मनीत रिचर्ड आसमान यांनी रबरी फुगा वापरात आणला. कागदी किंवा कापडी फुग्यापेक्षा तो सरस होता, कारण वर जाताना तो ताणला जातो, फुगत राहतो आणि शेवटी फुटून यंत्रासह खाली येतो. भारतात १९१४ साली आग्र्याला वेधशाळा उभारली गेली ती केवळ वरच्या हवेच्या अभ्यासासाठी. त्या काळी रेडिओने माहिती पाठविण्याची सोय नव्हती. फुग्यासोबत नोंद करणारे छोटे यंत्र जाई, ते कुठल्या तरी शेतात पडे आणि परत आणून देणाऱ्याला बक्षीस मिळे. गावकऱ्यांच्या प्रामाणिकपणावर उभे राहिलेले हे विज्ञान होते, असे म्हटले तर वावगे ठरू नये. अशा नोंदींच्या आधारे हवामान खात्यातले के. आर. रामनाथन यांनी १९२९ साली ‘नेचर’ या नियतकालिकात विषुववृत्तापासून ध्रुवापर्यंत हवेच्या तापमानाची मांडणी प्रसिद्ध केली आणि उष्ण कटिबंधावरचे स्थितांबराचे तळ जगातल्या इतर भागांपेक्षा अधिक थंड असल्याचे चित्र स्पष्ट झाले.

खात्याचे मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्याला आले होते. शिवाजीनगरची ती दगडी इमारत पुणेकरांना ‘सिमला ऑफिस’ म्हणूनच परिचित आहे. बाजूच्या चौकालाही तेच नाव पडले. पुढे इथल्याच कार्यशाळेत एस. पी. व्यंकटेश्वरन यांनी १९४० च्या दशकात पंख्यावर चालणारा रेडिओसाँड घडविला. फुगा वर चढताना वाऱ्याने एक छोटा पंखा फिरे आणि तो पंखा तापमान, वायुदाब व आर्द्रता यांच्या नोंदी आळीपाळीने रेडिओवर पाठविणारी कळ फिरवी. बॅटरी, मोटार यांचा खर्च वाचविणारी ही युक्ती अनेक वर्षे देशभर वापरली गेली. ओझोन मोजणारा भारतीय ओझोनसाँडही १९६० च्या दशकात पुण्यातच तयार झाला आणि नंतर अंटार्क्टिकावरच्या मैत्री केंद्रातूनही सोडला जाऊ लागला.

रबराचे दुखणे, पॉलिथिनचे दुखणे

रोजच्या निरीक्षणाचा फुगा रबरी असतो. हायड्रोजन भरल्यावर त्याचा व्यास जमिनीवर दीड-दोन मीटर, आणि सेकंदाला सुमारे पाच मीटर या वेगाने तो चढतो. तीस किलोमीटरवर वायुदाब जमिनीच्या जवळजवळ पंच्याऐंशीव्या हिश्शावर येतो, त्यामुळे फुग्याचे आकारमान साठ पटींहून अधिक वाढते. दोन मीटरचा फुगा तिथे छोट्या घराएवढा होतो. इतके ताणले जाण्यासाठी रबर मऊ राहायला हवे. पण नैसर्गिक रबर उणे सत्तरच्या आसपास काचेसारखे कडक होऊ लागते, आणि आपली तपस्तब्धी नेमकी त्याच्याही खाली आहे. दिवसा सूर्य फुग्याला थोडी ऊब देतो म्हणून तो निभावतो. पहाटेचा फुगा मात्र अंधारातच त्या थंडीत शिरतो आणि पुष्कळदा तिथेच फुटतो. त्यावर जुना इलाज म्हणजे सोडण्यापूर्वी फुगा गरम पाण्यात भिजविणे किंवा रॉकेलसारख्या तेलात बुडवून काढणे. तेल रबरात मुरते आणि त्याला थंडीतही लवचीक ठेवते. कारखान्यातही रबराच्या मिश्रणात हीच काळजी घेतली जाते.

उन्हाचा जाच निराळा. रबर उष्णतेने, अतिनील किरणांनी आणि ओझोनने लवकर जुने होते, त्यावर बारीक चिरा पडतात. खानदेशसारख्या मुलखात एखाद्या पत्र्याच्या खोलीत मार्च ते जून फुग्यांची पेटी ठेवली तर त्यातले निम्मे फुगे उपयोगाचे राहतील की नाही, याची शंकाच आहे. कोरड्या हवेत स्थिर विद्युत सहज साठते, आणि हायड्रोजनला एक ठिणगी पुरते. म्हणून फुगा भरणाऱ्यांनी नायलॉनचे कपडे घालू नयेत, नळ्या व टाक्या जमिनीला जोडलेल्या असाव्यात, हे नियम इथे कागदावर ठेवून चालत नाहीत. हेलियम सुरक्षित, पण महाग आणि आयातीचा.

चाळीस किलोमीटरच्या वर जायचे, किंवा अर्धा टन वजनाची दुर्बीण न्यायची, तर रबर कामाचे नाही. तिथे पॉलिथिनचा फुगा लागतो. तो ताणला जात नाही. जमिनीवर तो एखाद्या लांबलचक चुणीदार झग्यासारखा लोंबतो, वर गेल्यावर हळूहळू भरतो. विश्वकिरणांच्या अभ्यासासाठी होमी भाभा यांनी फुग्यांचा आग्रह धरला आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेने मुंबईत स्वतः असे फुगे बनवायला सुरुवात केली. १९६९ च्या सुमारास हैदराबादला संस्थेचे कायमचे फुगा केंद्र स्थापन झाले. आपल्या अक्षांशावर पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र कमी ऊर्जेच्या विश्वकिरणांना परतवून लावते, त्यामुळे क्ष-किरणांची मोजणी अधिक स्वच्छ होते, हा त्या जागेचा मोठा लाभ.

पण लाभासोबत थंडी आली. अमेरिकेत किंवा युरोपात तपस्तब्धी उणे साठच्या घरात असते. तिथल्या हवेसाठी तयार केलेली पॉलिथिनची फिल्म हैदराबादच्या आकाशात उणे ऐंशीच्या पुढे ठिसूळ होऊन फाटे. महिनोन्‌महिने तयार केलेली दुर्बीण अर्ध्या वाटेवरून खाली येणे ही केवळ पैशाची हानी नसते. शेवटी संस्थेच्या फुगा गटाने १९९० च्या दशकात स्वतःची फिल्म तयार करायला घेतली. पॉलिथिनच्या जातींची निवड, फिल्म फुगवून काढण्याची पद्धत, आडव्या आणि उभ्या दिशेने सारखी ताकद, उणे नव्वदजवळही न तडकणारा लवचीकपणा अशी एकेक पायरी चढत १९९९ च्या सुमारास ‘अंतरिक्ष’ या नावाची देशी फिल्म सिद्ध झाली. त्याआधी दोन किलो वजनाचा मोठा रबरी फुगाही ३८ किलोमीटरच्या वर जात नसे. या फिल्मच्या पातळ फुग्यांनी ती मर्यादा ओलांडली.

पुढचा टप्पा मात्र कल्पनेला ताण देणारा आहे. माणसाच्या केसाची जाडी साधारण सत्तर मायक्रॉन धरली, तर त्याच्या वीस भागांपैकी एका भागाच्या घरात येणारी अतिपातळ फिल्म संस्थेने तयार केली. सुमारे ६१ हजार घनमीटर आकारमानाचा तसा फुगा जानेवारी २०१४ मध्ये दहा किलो वजन घेऊन ५१.८३ किलोमीटरपर्यंत पोहोचला. स्थितांबर ओलांडून मध्यांबराच्या उंबरठ्यावर पाऊल ठेवणारा तो भारतातला पहिला फुगा होता. जपानने २०१३ साली ५३.७ किलोमीटर गाठले होते. पण जपानचे आकाश आपल्याइतके थंड नाही, हा फरक ध्यानात घ्यायला हवा.

याच केंद्रातून २० एप्रिल २००५ रोजी गेलेल्या फुग्याचा उल्लेख मराठी वाचकांसाठी आवश्यक वाटतो. २ कोटी ६७ लाख घनफूट आकारमानाच्या त्या फुग्याखाली ४५९ किलो वजनाचे यंत्र होते. निर्जंतुक केलेल्या पोलादी नळ्या द्रवरूप निऑनमध्ये बुडवून २० ते ४१ किलोमीटर उंचीवरची हवा त्यांत कोंडून आणली गेली. प्रयोगाचे सूत्रधार होते डॉ. जयंत नारळीकर (१९३८-२०२५) आणि नमुन्यांची तपासणी हैदराबादबरोबर पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातही झाली. बॅक्टेरियाच्या तीन नव्या प्रजाती त्यात सापडल्या, हे इस्रोने मार्च २००९ मध्ये जाहीर केले. त्यांची नावे फ्रेड हॉईल, आर्यभट आणि इस्रो यांच्यावरून ठेवण्यात आली. हे जीव वर कुठून आले, यावरचा वाद मिटलेला नाही. पण असले प्रश्न विचारता येतात, ते तपस्तब्धीत न फाटणारी फिल्म हाताशी आहे म्हणून.

तापीचे खोरे आणि एक रिकामी जागा

आता पुन्हा खानदेशाकडे वळू. देशात हवामान खात्याची रेडिओसाँड सोडणारी पन्नासहून अधिक केंद्रे आहेत. जगभर आठशेच्या वर केंद्रांवर पहाटे साडेपाच आणि सायंकाळी साडेपाच या आपल्या वेळांना धरून फुगे सोडण्याचा शिरस्ता आहे. २००९ पासून आपल्याकडे उपग्रहावरून स्वतःचे स्थान जाणणारे हलके रेडिओसाँड येऊ लागले आणि वाऱ्याची दिशा व वेग यांच्या नोंदी पुष्कळ सुधारल्या. महाराष्ट्रात मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरजवळचे चिकलठाणा ही त्यातली परिचित नावे. जळगाव-धुळ्याला सर्वांत जवळचे चिकलठाणा, सरळ रेषेत सव्वाशे ते एकशे तीस किलोमीटर. जळगावहून भोपाळ तीनशेच्या पुढे, मुंबई आणि नागपूर साडेतीनशेच्या आसपास.

सव्वाशे किलोमीटर हे हवामानशास्त्रात फार मोठे अंतर नव्हे, असे कुणी म्हणेल. मोसमी पावसाच्या मोठ्या प्रवाहांसाठी ते खरेही आहे. पण नकाशावरचे अंतर आणि हवेतले अंतर सारखे नसते. चिकलठाणा दख्खनच्या पठारावर साडेपाचशे मीटरपेक्षा अधिक उंचीवर आहे. जळगाव तापीच्या खोऱ्यात सुमारे दोनशे मीटरवर. म्हणजे चिकलठाण्याचा फुगा जिथून आपली पहिली नोंद करतो, त्याच्या खाली खानदेशात आणखी तीनशे-साडेतीनशे मीटर हवा उरते. तीच हवा सर्वांत महत्त्वाची. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर आणि पश्चिमेला गुजरातकडे उघडे तोंड अशा या खोऱ्यात खंबायतच्या आखाताकडून येणारा ओलसर वारा शिरू शकतो. हिवाळ्यात डोंगरावरून थंड हवा खाली उतरून साचते. धुळ्याच्या कृषी महाविद्यालयातल्या नोंदी म्हणूनच दर डिसेंबर-जानेवारीत वृत्तपत्रांत येतात. उन्हाळ्यात भाजून काढणारा हा जिल्हा थंडीत राज्यातल्या नीचांकांशी स्पर्धा करतो. खोऱ्याच्या तळाशी साचलेला हा थर पठारावरच्या फुग्याला दिसत नाही.

याचा व्यवहाराशी संबंध काय, तर गारपिटीशी आणि वादळाशी. फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्च २०१४ च्या मध्यापर्यंत महाराष्ट्रात जी गारपीट झाली, तिने विदर्भ-मराठवाड्यासोबत खानदेशही झोडपला. गहू, हरभरा, कांदा, केळी आडवे झाले. रावेर, यावल, चोपडा, मुक्ताईनगर या पट्ट्यात मे-जूनमधला वादळी वारा दरवर्षी कुठे ना कुठे बागा झोपवतो. घडासह भुईसपाट झालेली केळी म्हणजे जवळपास वर्षाची मेहनत. २०१६ साली जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळाले, पण मानांकनाने वारा थांबत नाही.

गारा पडतील की साधा पाऊस, हे ठरते ते हवेच्या उभ्या रचनेवरून. जमिनीलगत किती बाष्प आहे, त्याच्या वर कोरड्या हवेचा झाकणासारखा थर आहे का, शून्य अंशाची पातळी किती उंचीवर आहे, आणि उंचावरचा वारा खालच्या वाऱ्यापेक्षा किती वेगळ्या दिशेने व वेगाने वाहतो, या चार गोष्टी कळल्या तर काही तास आधी सावध करता येते. झाकण जितके घट्ट, तितकी खालची हवा जास्त तापते, आणि एकदा ते फुटले की ढग तासाभरात तपस्तब्धीला जाऊन भिडतो. रडार हा ढग तयार झाल्यावर दाखवते. उपग्रह वरून पाहतो, त्यामुळे जमिनीलगतच्या थराची त्याची नजर अंधुकच असते, आणि त्याच्या मोजमापांची पडताळणीही शेवटी फुग्यावरच करावी लागते. हवामानाधारित पीकविम्यासाठी महसूल मंडळांत स्वयंचलित केंद्रे उभी राहिली, त्यांनी तापमान, पाऊस, वारा यांच्या नोंदी गावाजवळ आणल्या. भरपाई ठरवायला त्यांचा उपयोग आहे. पण ती केंद्रे जमिनीपासून काही मीटरवरची हवा मोजतात, आणि तीही घटना घडत असताना.

मग जळगावला केंद्र का नसावे? बारमाही पूर्ण केंद्र खर्चिक असते हे मान्य. हायड्रोजन, प्रशिक्षित माणसे, दोन वेळची शिस्त, सारेच लागते. परंतु वर्षभर फुगे सोडण्याची गरजही नाही. फेब्रुवारी ते जून या पाच महिन्यांत दररोज एक, दुपारी ढग उभे राहण्यापूर्वी सोडलेला फुगा पुरेसा बोलका ठरेल. एका रेडिओसाँडची किंमत काही हजार रुपयांच्या घरात, आणि हाताळणीला पदार्थविज्ञानाचे विद्यार्थी शिकू शकतात असे ते तंत्र आहे. जळगावात १९९० साली स्थापन झालेले, आज कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव धारण करणारे विद्यापीठ आहे. धुळ्यात कृषी महाविद्यालय आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने मध्य प्रदेशात सिहोरजवळ सिलखेडा येथे मोसमी पावसाच्या अभ्यासासाठी मोठी प्रयोगभूमी उभी केली आणि ती मार्च २०२४ मध्ये कार्यान्वित झाली. सातपुड्याच्या पलीकडे हे होऊ शकते, तर अलीकडे एका हंगामापुरते फुगे सोडणे अशक्य कोटीतले नाही.

त्यासाठी फुगाही थोडा वेगळा लागेल. दुपारच्या ४४ अंशांत भरल्यावर रबर आधीच मऊ पडलेले असते. सोडताना सोसाट्याचा वारा असेल तर ते फाटते, म्हणून भरण्याची जागा आडोशाची आणि छायेची हवी. साठवण पंचवीस अंशांच्या आत, अंधारात. संवेदकावर ऊन पडून तापमान खोटे वाढू नये म्हणून साँड सोडण्याआधी सावलीतल्या तापमापकाशी जुळवून घ्यावा लागतो; खानदेशच्या उन्हात ही चूक दोन-तीन अंशांची सहज होईल, आणि झाकण आहे की नाही हे तेवढ्याच फरकाने ठरते.

आणखी एक व्यावहारिक गोष्ट. फुगा फुटल्यावर छोट्या हवाई छत्रीला टांगलेली पांढरी पेटी कुठेतरी उतरते. उन्हाळ्याआधी वरचा वारा पश्चिमेकडून असल्याने ती पूर्वेला जाते, पावसाळ्यात उंचावर वारा पूर्वेकडून वाहत असल्याने उलटी येते. शेतात अशी पेटी दिसली की अफवा उठतात, पोलिसांना फोन जातो. रोजच्या रेडिओसाँडची ही पेटी शंभर-दोनशे ग्रॅमची, निरुपद्रवी असते आणि ती परत करण्याची सहसा गरज नसते. विजेच्या तारांवर अडकली असेल तर मात्र तिला काठीने ओढू नये. हैदराबादच्या मोठ्या फुग्यांची यंत्रे वेगळी. ती मराठवाडा-विदर्भातल्या शेतांतही उतरू शकतात, त्यांच्यावर संस्थेचा पत्ता व दूरध्वनी क्रमांक लिहिलेला असतो, आणि काहींत उच्च दाबाची वीज असते. ती न उघडता, न हलवता जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा पेटीवरच्या क्रमांकावर कळवायचे. कळविणाऱ्याला योग्य ते बक्षीस आणि झालेला खर्च देण्याची प्रथा आग्र्याच्या काळापासून चालत आली आहे.